नव्या मशीनवर जेडीबीसी ड्रायव्हर: जार कुठे ठेवायची आणि ड्रायव्हर कसा तपासायचा

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात चलनं आणि डिस्पॅचचं काम एका जुन्या जावा प्रोग्रामवर चालतं. तो लिहिणारा मुलगा कधीच पुण्याला निघून गेला. जुनं मशीन (जावा ८) बंद पडलं म्हणून नव्या विंडोज मशीनवर जावा १७ आणि मायएसक्यूएल ८ टाकलं. प्रोग्राम उघडतो, पण लॉगिन करताच 'नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड' असं येतं. गंमत म्हणजे जुन्या मशीनवर प्रोग्रामच्या फोल्डरात मायएसक्यूएलची जार कुठेच नव्हती, तरी चालत होतं. मी जार आणून 'लिब' फोल्डरात ठेवली, बॅच फाइलमध्ये 'जावा -सीपी लिब\* -जार डिस्पॅच.जार' असं लिहिलं, तरी तेच. याच प्रोग्राममधून रोज संध्याकाळी गाठींचा हिशेब हेड ऑफिसच्या ओरॅकलमध्ये जातो. ड्रायव्हर नीट बसला की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

(जेडीबीसी ड्रायव्हर म्हणजे जावा प्रोग्रामला डेटाबेसशी बोलतं करणारा जोड; तो 'जार' या जावाच्या गठ्ठा-फाइलीत येतो.) तुमची बॅच फाइलची ओळ तुम्ही दिलीत हे बरं केलंत. दुखणं तिथेच आहे. जावाला '-जार' सांगितलं की ती '-सीपी'कडे बघतसुद्धा नाही. त्या वेळी क्लासपाथ (जावा जिथे जिथे क्लास आणि जार शोधते ती यादी, '-सीपी' हे तिचंच लघुरूप) म्हणजे फक्त डिस्पॅच.जार, आणि तिच्या आतल्या मॅनिफेस्ट या माहितीच्या फाइलमध्ये 'क्लास-पाथ' या ओळीत जे लिहिलं असेल ते. कसलीही सूचना न देता तुमचा 'लिब\*' बाजूला टाकला जातो, म्हणून माणूस दिवसभर जार इकडून तिकडे हलवत बसतो. '-जार' काढा आणि असं लिहा: जावा -सीपी "डिस्पॅच.जार;लिब\*", आणि पुढे मुख्य क्लासचं नाव. ते नाव त्याच मॅनिफेस्टमध्ये 'मेन-क्लास' समोर सापडेल. जार फाइल झिपसारखी उघडते. विंडोजवर दोन पाथच्या मध्ये अर्धविराम लागतो, लिनक्सवर कोलन. (मी सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

मग जुन्या मशीनवर जार नसताना कसं चालत होतं? होती, पण प्रोग्रामच्या फोल्डरात नव्हती. त्या मशीनची डिस्क अजून वाचता येत असेल तर जावाच्या स्वतःच्या फोल्डरात 'जेआरई\लिब\एक्स्ट' मध्ये बघा, बहुतेक तिथेच पडलेली असेल. जावा ८ पर्यंत तिथे टाकलेली कुठलीही जार त्या मशीनवरच्या प्रत्येक प्रोग्रामला आपोआप मिळायची, म्हणून घाईत काम करणारी मंडळी ड्रायव्हर तिथे टाकून मोकळी व्हायची. जावा ९ ने ती सोयच काढून टाकली. नव्या जावात तसा फोल्डर हाताने बनवून बघू नका. तो दिसला तर जावा सुरूच होत नाही, 'त्याऐवजी क्लासपाथ वापरा' असं सांगून थांबते.

आता 'नो सुटेबल ड्रायव्हर' म्हणजे नेमकं काय, ते एकदा समजून घ्या, पुढे दहा वेळा उपयोगी पडेल. ड्रायव्हर मॅनेजर हा जावातला भाग हजर असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला कनेक्शनचा पत्ता (यूआरएल) दाखवतो आणि विचारतो, हा तुझा का? सगळ्यांनी नाही म्हटलं की हा एरर येतो. म्हणजे कारणं दोनच: एकतर ड्रायव्हर हजरच नाही, नाहीतर पत्त्याची सुरुवात चुकली आहे. 'जेडीबीसी:मायएसक्यूएल://' मधला दुसरा कोलन गळणं, पत्त्याभोवती अवतरणचिन्हं राहून जाणं, असलं काहीतरी असतं. मारियाडीबीचा (मायएसक्यूएलपासूनच निघालेल्या डेटाबेसचा) ड्रायव्हर आवृत्ती ३ पासून पुढे 'मायएसक्यूएल' ने सुरू होणारा पत्ता आपणहून घेत नाही, हेही त्यातलंच. सर्व्हर बंद आहे किंवा पासवर्ड चुकला आहे, असा याचा अर्थ कधीच नसतो. तिथवर गाडी अजून पोचलेलीच नसते.

हजेरी आपोआप लागते ती जेडीबीसी ४.० पासून, म्हणजे २००६ च्या जावा ६ पासून. जारच्या आत 'मेटा-आयएनएफ/सर्व्हिसेस' मध्ये एक छोटी फाइल असते, तिच्यात ड्रायव्हर क्लासचं नाव लिहिलेलं असतं. जुन्या कोडमध्ये 'क्लास.फॉरनेम' ची ओळ दिसेल. ती नसली तरी चालतं, असली तर बिघडत नाही. फक्त मायएसक्यूएलचं जुनं क्लासनाव असेल तर नवा ड्रायव्हर 'हे नाव आता कालबाह्य' अशी एक ओळ छापतो आणि पुढे जातो. तिला घाबरू नका. पण उद्या कोणी तुम्हाला सगळ्या जार एकत्र करून एकच मोठी जार बनवून दिली, आणि तुमच्याकडे तर मायएसक्यूएल व ओरॅकल असे दोन ड्रायव्हर आहेत, तर त्या दोघांच्या या छोट्या फाइलचं नाव एकच असल्यामुळे एक दुसरीवर चढते आणि एक ड्रायव्हर गायब होतो. मेव्हन या जार बांधायच्या साधनाच्या शेड प्लगइनमध्ये या फाइली जोडणारा ट्रान्सफॉर्मर लावायला त्या माणसाला सांगा.

जार कुठली घ्यायची? मायएसक्यूएलसाठी कनेक्टर/जे ची चालू आवृत्ती. ८.०.३१ पासून तिचं नाव 'मायएसक्यूएल-कनेक्टर-जे' असं झालंय, त्यामुळे जुन्या नावाने शोधलंत तर जुनाच माल हाती लागतो. जुन्या मशीनवरची ५.१ ची जार उचलून आणू नका. ५.१ मधल्या जुन्या आवृत्त्या मायएसक्यूएल ८ ला 'क्वेरी_कॅश_साइझ' नावाचं व्हेरिएबल विचारतात. ८ मध्ये क्वेरी कॅशच काढून टाकलाय, म्हणून 'अननोन सिस्टिम व्हेरिएबल' येतं. ओरॅकलसाठी जावा ११ च्या पुढे 'ओजेडीबीसी११'. हा थिन ड्रायव्हर आहे, म्हणजे मशीनवर ओरॅकल क्लायंट टाकायची गरज नाही. दोन्ही जार मेव्हन सेंट्रलवर किंवा कंपनीच्या साइटवर मिळतात. 'फ्री जार डाउनलोड' वाल्या साइटवरून आणू नका, त्या फाइलच्या हातात तुमचा डेटाबेसचा पासवर्ड जाणार आहे.

आणि लिब फोल्डरात एकाच ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या ठेवू नका. 'लिब\*' लिहिल्यावर त्यातली कुठली आधी लागेल याची काहीच हमी नसते. आज नवी लागेल, फोल्डर कॉपी केल्यावर दुसऱ्या मशीनवर जुनी लागेल, आणि तुम्ही म्हणाल प्रोग्राम तोच, मग एरर वेगळा का.

आता तपासणी. पहिली गोष्ट, तुमचा डिस्पॅच प्रोग्राम बाजूला ठेवा. जावा ११ पासून एक सुटी सोर्स फाइल कंपाइल न करता थेट चालवता येते: जावा -सीपी लिब\* चाचणी.जावा. त्या वीस-पंचवीस ओळींत एवढंच करा: कनेक्शन घ्या, त्याचा मेटाडेटा मागा, ड्रायव्हरचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती छापा, 'इजव्हॅलिड(५)' ला काय उत्तर येतं ते छापा. शिवाय कनेक्शनच्या क्लासचं प्रोटेक्शन डोमेन आणि त्यातला कोडसोर्स छापलात तर तो क्लास डिस्कवरच्या नेमक्या कुठल्या जारमधून आला, त्या फाइलचा पूर्ण पाथच समोर येतो. दोन आवृत्त्यांचा घोळ असेल तर तो इथे उघडा पडतो. ही फाइल प्रोग्रामच्या शेजारी कायम राहू द्या. रात्री दोनला फोन आला तर आधी ती चालवायची.

ती चालवताना जे एरर येतील ते नीट वाचा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. मायएसक्यूएलची सर्व्हिस सुरू आहे का आणि पोर्ट ३३०६ च आहे का ते बघा. बराच वेळ काही न होता शेवटी 'टाइम्ड आउट' म्हणजे मध्ये फायरवॉल आहे किंवा आयपी चुकला. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, आता मामला युजरचा. त्या ओळीत ॲटच्या (@) पुढे जो होस्ट दिसतो तो सर्व्हरला दिसलेला तुमचा पत्ता असतो. युजर 'लोकलहोस्ट' साठी बनवलेला आणि तुम्ही गोडाऊनच्या मशीनवरून येताय, तर पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही आत घेणार नाही.

पासवर्ड प्रॉपर्टीज फाइलमध्ये असेल तर आणखी दोन खोडसाळ गोष्टी बघा. किमतीच्या शेवटी राहिलेली स्पेस जावा काढत नाही, ती पासवर्डचाच भाग धरते. आणि पासवर्डमधली उलटी तिरकी रेघ जावा गिळून टाकते. ती हवी असेल तर दोनदा लिहावी लागते. नोटपॅडमध्ये पासवर्ड अगदी बरोबर दिसतो आणि आत येऊ मात्र देत नाही, तेव्हा आधी हेच तपासा.

मायएसक्यूएल ८ चा एक एरर मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे तो फार छळतो. 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड'. सकाळी पहिल्या शिफ्टला हा येतो, मग कोणीतरी मायएसक्यूएलचं वर्कबेंच उघडून त्याच युजरने लॉगिन करतं, आणि प्रोग्राम आपोआप चालायला लागतो. लोक मशीन हँग झालं होतं म्हणतात. तसं नसतं. मायएसक्यूएल ८ मध्ये 'कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड' ही पद्धत नव्या युजरसाठी मुळात ठरलेली आहे. एकदा पूर्ण ओळख पटली की सर्व्हर त्याची खूण स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि पुढच्या वेळी झटपट आत घेतो. पूर्ण ओळख पटवायला एकतर एन्क्रिप्टेड कनेक्शन लागतं, नाहीतर सर्व्हरची पब्लिक की (पासवर्ड कुलूपबंद करून पाठवायची किल्ली). जुन्या पत्त्यात 'यूजएसएसएल=फॉल्स' राहून गेलं असेल तर एन्क्रिप्शन नाही, आणि ही किल्ली मागायची परवानगी ड्रायव्हर आपणहून घेत नाही. रात्री लाईट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, मेमरीतली खूण पुसली गेली, की सकाळी तोच एरर हजर. उन्हाळ्यात लाईटचे हाल होतात तेव्हा हा जास्त दिसतो, त्याचं कारण हे. उपाय म्हणजे 'यूजएसएसएल=फॉल्स' पत्त्यातून काढून टाका; नवा ड्रायव्हर एन्क्रिप्शन मिळत असेल तर आपणच वापरतो. 'अलाउपब्लिककीरिट्रीव्हल=ट्रू' लिहूनही चालतं, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. पण एन्क्रिप्शन बंद ठेवून ते लिहिणं म्हणजे मध्ये बसलेल्या कोणालाही खोटी किल्ली देऊन पासवर्ड काढून घेण्याची वाट मोकळी ठेवणं. आणि हे तपासायचं कसं? मायएसक्यूएलची सर्व्हिस मुद्दाम रिस्टार्ट करा आणि दुसरं काहीही न उघडता आधी चाचणी.जावा चालवा.

ओरॅकलकडे पत्ता लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि घोळ तिथेच होतो. होस्ट, कोलन, १५२१, आणि मग पुन्हा कोलन देऊन लिहिलेलं नाव एसआयडी (त्या सर्व्हरवर चालू असलेल्या ओरॅकलच्या प्रतीचं नाव) समजलं जातं. स्लॅश देऊन लिहिलेलं नाव सर्व्हिस. हेड ऑफिसने सर्व्हिसचं नाव दिलं आणि तुम्ही कोलन टाकलात तर ओआरए-१२५०५. सर्व्हिसचं नाव चुकलं तर ओआरए-१२५१४. यातलं कुठलंही आलं तरी लिसनरपर्यंत, म्हणजे ओरॅकलच्या दारवानापर्यंत, पोचलात एवढं नक्की.

इथवर कनेक्शन होतं, आवृत्ती छापली जाते, आणि बहुतेक जण ड्रायव्हर बसला म्हणून चहाला जातात. माझ्या मते खरी तपासणी इथून पुढे आहे, कारण ड्रायव्हरचं काम फक्त दार उघडणं नाही. तुमची अक्षरं, तारखा आणि रक्कम न बिघडवता पलीकडे नेणं आणि परत आणणं हे आहे.

अक्षरांपासून सुरू करा. सोलापुरात पार्टीची नावं मराठी, तेलुगू, कन्नड अशी सगळी येतात आणि ती देवनागरीत लिहिली जातात. टेस्ट टेबलात 'साखर पेठ, बाळे, दऱ्या, ज्ञानेश्वर, ₹' असलं एक वाक्य घाला, परत वाचा आणि 'इक्वल्स' ने ताडून बघा. कमांड प्रॉम्प्टवर प्रश्नचिन्हं दिसली म्हणून लगेच ड्रायव्हरला शिव्या घालू नका, विंडोजच्या त्या काळ्या खिडकीलाच देवनागरी धड दाखवता येत नाही. शिवाय जावा १७ विंडोजवर फाइल वाचताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) गृहीत धरत नाही (ते १८ पासून सुरू झालं), म्हणून चाचणीच्या सोर्स फाइलमधली मराठी अक्षरंच आधी बिघडू शकतात. ती अक्षरं युनिकोड एस्केपने लिहा, स साठी '\यू०९३८' असं, म्हणजे तो संशयच राहणार नाही. मग डेटाबेसमध्येच जाऊन त्या कॉलमचा हेक्स, म्हणजे खरोखर साठवलेले बाइट, मागा. 'स' च्या जागी ई० ए४ बी८ दिसलं तर माल सुखरूप पोचला. सी३ ए० सी२ ए४ सी२ बी८ असं सहा बाइटचं दिसलं तर दोनदा एन्कोडिंग झालंय. वाईट आहे, पण दुरुस्त होतं. ३एफ दिसलं तर ते खरंच प्रश्नचिन्ह आहे. मूळ अक्षर गेलं, ते कुठल्याही सेटिंगने परत येणार नाही, आणि हे चालू डेटात महिन्याभराने कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मायएसक्यूएलचं टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये आहे की जुन्या लॅटिन१ मध्ये, ते बघून घ्या. जुना डेटाबेस जसाच्या तसा नव्या मशीनवर आणला असेल तर टेबलं जुन्याच वळणावर असतात.

ओरॅकलला वेगळी गंमत आहे. 'सोलापूर' हा शब्द काना-मात्रा धरून सात युनिकोड अक्षरांचा, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे एकवीस बाइट. हेड ऑफिसच्या टेबलात शहराचा कॉलम 'व्हारचार२(२०)' असेल आणि लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल, जी ओरॅकलची मुळातली रीत आहे, तर आपल्या गावाचं नाव एका बाइटने बाहेर पडतं: ओआरए-१२८९९, 'ॲक्च्युअल २१, मॅक्सिमम २०'. पुणे बसतं, सोलापूर बसत नाही. यात ड्रायव्हरची चूक नाही. कॉलमची लांबी अक्षरांत मोजायला सांगा, 'व्हारचार२(२० चार)' असं, नाहीतर कॉलम रुंद करायला सांगा.

तारीख. विंडोजवर कनेक्टर/जे ८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये 'इंडिया स्टँडर्ड टाइम' हे नाव ओळखीचं नाही असा एरर येतो; तिथे पत्त्यात 'सर्व्हरटाइमझोन=एशिया/कोलकाता' लिहितात. एरर आला तर निदान कळतं तरी. सर्व्हर क्लाउडवर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल आणि सेटिंग अर्धवट असेल तर एरर न येता वेळ साडेपाच तासांनी सरकते. दिवसा एन्ट्री केली तर तारीख तीच राहते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे रात्रपाळी आहे. म्हणून चाचणीत मुद्दाम मध्यरात्रीनंतर १ वाजून १५ मिनिटांची वेळ लिहा, आणि ती जावातून नाही तर डेटाबेसच्या स्वतःच्या क्लायंटमधून वाचा. तिथे आदल्या दिवसाचे १९:४५ दिसले तर सेटिंग चुकलंय. त्याच जावा प्रोग्रामने परत वाचलंत तर तो सरकवलेली वेळ उलटी सरकवून बरोबर दाखवेल आणि चाचणी खोटी पास होईल.

रक्कम 'बिगडेसिमल' मध्येच लिहा-वाचा, 'डबल' मध्ये नाही. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता न वापरता पडून राहिलेलं कनेक्शन. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, शांत बसलेलं कनेक्शन तोडून टाकतं. सुट्टीनंतर पहिल्या चलनाला 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं की चालतं, हे त्याचंच लक्षण. आठ तास वाट बघत बसू नका. टेस्ट सर्व्हरवर ग्लोबल 'वेट_टाइमआउट' ६० करा, प्रोग्राम नव्याने सुरू करा, दोन मिनिटं थांबा आणि चलन टाका. कनेक्शन पूल (कनेक्शनं उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरणारी सोय) असेल, समजा हिकारीसीपी, तर त्याचं 'मॅक्सलाइफटाइम' सर्व्हरच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. मुळात ते ३० मिनिटं असतं आणि बहुतेकदा पुरतं. 'ऑटोरीकनेक्ट=ट्रू' लिहू नका. मायएसक्यूएलचं अधिकृत मॅन्युअलसुद्धा ते टाळायला सांगतं, कारण अर्धवट ट्रान्झॅक्शनचं काय झालं हे कळायला मार्ग राहत नाही. चलन गेलं, गाठी वजा झाल्या नाहीत, असे हिशेब मग महिनाअखेरीस निस्तरावे लागतात.

शेवटची चाचणी हाताने करायची: प्रोग्राम चालू असताना सर्व्हरची लॅन केबल काढा. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरला सॉकेटटाइमआउट दिलेला नसेल तर तो उत्तराची अमर्याद वाट बघतो, स्क्रीन गोठते, गेटवर ट्रक उभा राहतो. पत्त्यात 'कनेक्टटाइमआउट' आणि 'सॉकेटटाइमआउट' द्या. सॉकेटचा आकडा तुमच्या सगळ्यात संथ रिपोर्टपेक्षा मोठा असू द्या, नाहीतर महिन्याचा रिपोर्टच अर्ध्यात तुटेल. मायएसक्यूएलमध्ये हे आकडे मिलिसेकंदांत असतात. पुढे कधी पोस्टग्रे या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर तिथेही नावं हीच आहेत, पण आकडे सेकंदांत. ३०,००० तसंच उचलून नेलंत तर आठ तासांहून जास्त थांबाल.

पुढेमागे हेच काम टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरवर नेलंत तर एवढंच लक्षात ठेवा: पूल टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्टमध्ये लिहिला असेल तर जार टॉमकॅटच्या 'लिब' मध्ये, आणि फक्त तिथेच. वेब ॲपच्या आत दुसरी प्रत नको.

एवढं करूनही अडलंत तर मला तीन गोष्टी पाठवा: चाचणी.जावा ने छापलेल्या सगळ्या ओळी, पासवर्ड खोडलेला कनेक्शनचा पत्ता, आणि एररचा पूर्ण मजकूर, अगदी शेवटच्या 'कॉज्ड बाय' पर्यंत. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, खरं कारण नेहमी खालच्या अर्ध्यात असतं.